गणिताशी छत्तीसचा आकडा



या व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यावर बोलावे. गेली तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. मी त्यांना म्हटले, "यंदा मला गणितावर बोलू द्या." त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले. आठवीत शाळा सोडलेला, विडी आणि यंत्रमाग कामगारांत वावरणारा माणूस गणितावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असेल, तर त्यात त्यांची चूक नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या व्यासपीठांवर पंडितांचा मान आहे. मी पंडित नव्हे. जे चार शब्द मला ठाऊक आहेत, ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, कामगारांच्या घरांतून आणि माझ्या हातून घडलेल्या एका अपराधातून मी शिकलो आहे. त्या अपराधाविषयी मी पुढे सांगणारच आहे.

गणिताचा आणि कामगार चळवळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कामगाराच्या हातात घोषणेपेक्षा मोठे हत्यार हिशेबाचे आहे. हजार विड्यांचा दर काय, त्यातून छाट म्हणून बाजूला किती काढल्या, भविष्यनिर्वाह निधीत किती कापले, जादा तासांचे दुप्पट मिळाले की नाही, हे ज्याला कळते त्याला फसवणे अवघड असते. ज्याला ते कळत नाही, त्याचे गणित दुसरा कोणी मांडतो. आणि दुसऱ्याने मांडलेल्या गणितात आपली बाकी नेहमी शून्य उरते, हा माझा अनुभव आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक यंत्रमाग कामगार आला. वीस वर्षे एका कारखान्यात काम केलेले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. शेवटचा पगार महिना सात हजार आठशे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा हिशेब असा होता की, महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे आणि मग जितकी वर्षे नोकरी झाली तितक्या पटीने वाढवायचे. म्हणजे दिवसाचे तीनशे, वर्षाचे साडेचार हजार आणि वीस वर्षांचे नव्वद हजार. त्याच्या कागदावर चोपन्न हजार लिहिलेले होते आणि खाली सही करून तो मोकळा झाला होता. मी त्याला गुणाकार सांगू लागलो. तो मान डोलवीत होता, पण त्याच्या डोळ्यांत काही उतरत नव्हते. अखेर मी खडू घेतला आणि कचेरीच्या फरशीवर ओळीने वीस घरे आखली. "हे एक घर म्हणजे तुमचे एक वर्ष. प्रत्येक घरात साडेचार हजार. आता त्यांनी दिलेले पैसे भरू या." बारा घरे भरली आणि पैसे संपले. तो माणूस फरशीकडे पाहतच राहिला, आणि एकदम म्हणाला, "अण्णा, आठ घरं रिकामी हायत की!" सही झाली होती, तरी त्या आठ रिकाम्या घरांवर आम्ही पुढे दावा केला आणि रक्कम वसूल झाली.

आता, हा माणूस काही मंद नव्हता. जेकार्ड मागावर चादरीच्या नक्षीतला एक धागा चुकला, तर चार हात लांबून त्याला दिसत असे. त्याला शाळाच मिळाली नव्हती. आकडे त्याला ऐकू येत होते, पण दिसत नव्हते. फरशीवर दिसले, त्या क्षणी तो कोणाही कारकुनाइतका हुशार झाला. हा प्रसंग घडला तेव्हा मला आनंद होण्याऐवजी खंत वाटली. कारण हेच वाक्य त्यापूर्वी काही वर्षे मी माझ्या घरात ऐकले होते आणि त्याला उत्तर म्हणून मी हात उगारला होता.

माझी धाकटी मुलगी तेव्हा चौथीत होती. बोलण्यात चुणचुणीत. कविता एकदा ऐकली की पाठ. चित्रे काढी, गोष्टी सांगे. पण आकड्यांपाशी आली की तिचा चेहरा बदले. समोर चार पेले ठेवले, तर ते ती एक, दोन, तीन, चार असे मोजी. आणि तेच पेले जरा हलवून ठेवले, तर पुन्हा एकपासून मोजी. सात मोठे की नऊ, असे विचारले की बोटांकडे पाही. किराणा आणायला पन्नासची नोट देऊन पाठवले, तर दुकानदार देईल ते सुटे घेऊन परत येई. घड्याळ तर तिला मुळीच कळत नसे. शाळेतून निरोप येई की, मुलगी लक्ष देत नाही, पाढे शंभर वेळा लिहून आणावेत. ती बिचारी लिहीत असे. तिचे अक्षरही सुंदर होते.

मी स्वतः दिव्याखाली बसून हिशेब शिकलेला माणूस. मला त्याचा गर्व होता, हे आज कबूल करतो. एका संध्याकाळी मी तिला सातचा पाढा विचारीत होतो. सात एके सातपासून ओळीने तिने तो बिनचूक म्हटला. मग मी मधूनच विचारले, "सात आठे किती?" ती म्हणाली, चोपन्न. मग म्हणाली, अठ्ठेचाळीस. मग गप्प. मी तिच्या थोबाडीत मारली. रडता रडता ती म्हणाली, "बाबा, मला आकडे दिसतच नाहीत, नुसते ऐकू येतात."

बंधुभगिनींनो, कामगारावर कोणी हात उगारला तर आम्ही कारखान्याचे दार बंद पाडतो. माझ्या घरातल्या त्या लहान कामगाराच्या बाजूने मात्र कोणी उभे नव्हते. ती तर आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक तास राबत होती.

त्यानंतर मी वाचू लागलो. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

माणसाच्या मेंदूला संख्येची जाण जन्मतः असते. १९९२ साली कॅरन विन या अमेरिकन संशोधक बाईंनी पाच महिन्यांच्या तान्ह्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. बाळासमोर एक बाहुली ठेवली, तिच्यापुढे पडदा धरला आणि बाळाला दिसेल अशा रीतीने दुसरी बाहुली पडद्यामागे नेली. पडदा काढल्यावर दोन बाहुल्या दिसल्या, तर बाळ थोडा वेळ पाही. एकच दिसली, तर अधिक वेळ टक लावून पाही, जणू हिशेब चुकला हे त्याला कळले आहे! भाषा येण्यापूर्वीची ही जाण आहे. तीन-चार वस्तू आपण मोजीत नाही. नजर टाकताच कळतात. काही मुलांत मात्र ही जाण अंधूक असते. तीनचे तीनपण, सातचे सातपण त्यांच्या मनात स्थिर राहत नाही. डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूस मेंदूचा जो भाग संख्येचे काम करतो, त्याची घडण किंवा कामाची रीत या मुलांत थोडी निराळी असते, असे शास्त्रज्ञ सांगतात. चेकोस्लोव्हाकियातील लादिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या गोष्टीची नीट व्याख्या केली: बुद्धी साधारण असून केवळ गणनशक्तीच उपजत अडखळते ती अवस्था. इंग्रजीत तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. आपण गणन-अक्षमता म्हणू. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण तीन ते सात मुले अशी आढळली आहेत. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एखादे-दुसरे मूल असणारच. आपल्या शहरातल्या प्रत्येक वर्गात ते आज मान खाली घालून बसलेले आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गणितात कच्चे असलेले प्रत्येक मूल या वर्गात मोडत नाही. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणी आईबरोबर विड्या वळायला बसल्यामुळे शाळेत जात नाही, कोणी उपाशी असते, तर कोणाला मुळी नीट शिकवलेलेच नसते. माझ्या त्या यंत्रमाग कामगाराला शाळा मिळाली नव्हती. माझ्या मुलीला शाळा मिळूनही आकडा मिळाला नव्हता. दोघांच्या अडचणीचे मूळ निराळे. पण मला जे महत्त्वाचे वाटते ते हे की, दोघांनाही उपयोगी पडले ते एकच: आकडा डोळ्यांपुढे मांडणे.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. दोघांचे जमत नाही तेव्हा आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. का? तर नागरी लिपीत तीन आणि सहा हे आकडे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत म्हणून. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम केला, त्याने आकडा पाहिला होता.

तथापि याच भाषेने मुलांसमोर एक अडचणही ठेवली आहे. आपण लिहितो सहा आणि मग तीन, पण म्हणतो त्रेसष्ट; म्हणजे तीन आधी, साठ मागून. आणि एकोणसाठ म्हणताना तर साठातून एक वजा करावा लागतो. मुलाच्या कानात साठ घुमतो आणि हात पाच लिहायला हवा असतो. बाकीची मुले हे सवयीने पार करतात. ज्याची संख्येची जाण आधीच अंधूक, ते मूल येथे ठेचाळते. माझी मुलगी पस्तीस सांगितले की त्रेपन्न लिही. त्याला मी निष्काळजीपणा म्हणत असे.

आपल्या सोलापुरात याचा ताळा पाहायला लांब जावे लागत नाही. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू भगिनी त्रेसष्टला म्हणतात "अरवै मूडु", म्हणजे साठ तीन. तेवीसला म्हणतात "इरवै मूडु", म्हणजे वीस तीन. विसाच्या पुढे जसे लिहायचे तसेच बोलायचे. त्यांची मुले मराठी शाळेत आली की, घरी सरळ चालणारा आकडा शाळेत उलटा चालू लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशा पद्धतीने संख्यावाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हांला आठवत असेल. विधिमंडळात चर्चा झाली, विनोद झाले, मराठी बुडाली अशी ओरड झाली. समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की, जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांना अडचण होते, तिच्यासाठी ही सोय आहे. त्या ओरडणाऱ्यांत मीही एके काळी मोडलो असतो. त्रेसष्ट हा शब्द मलाही प्रिय आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण ज्या मुलाला जिना चढवत नाही, त्याच्यासाठी कठडा बसवला, तर जिन्याचा अपमान होतो काय?

आता उपायाकडे वळतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त बालवाडी शिक्षिका राहत होत्या. माझ्या मुलीची हकिगत कळल्यावर त्या एक पुठ्ठा आणि मूठभर चिंचोके घेऊन घरी आल्या. पुठ्ठ्यावर दहा घरे आखलेली, वर पाच, खाली पाच. याला दहाची चौकट म्हणा. वरची ओळ भरून खाली दोन चिंचोके ठेवले की झाले सात. मोजायचे नाही, पाहायचे. सात म्हणजे पाच आणि दोन, आणि सात म्हणजे दहाला तीन कमी, या दोन्ही गोष्टी एका दृष्टीत येतात. रिकामी घरेही बोलतात! बाईंनी महिनाभर तिच्याकडून एकही पाढा म्हणून घेतला नाही. रोज पंधरा मिनिटे चौकट, बस. मग आठ आणि पाच. एका चौकटीत आठ, दुसऱ्या चौकटीत पाच. दुसरीतले दोन उचलून पहिलीतली रिकामी घरे भरली: दहा आणि तीन. "तेरा" हा शब्द शेवटी आला. शब्दाच्या आधी त्याचा अर्थ तिच्या हातांनी हलवला होता.

मग काड्या आल्या. दहा काड्यांचा रबराने बांधलेला गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. पस्तीस म्हणजे तीन गठ्ठे, पाच सुट्या. त्रेपन्न म्हणजे पाच गठ्ठे, तीन सुट्या. शेजारी शेजारी ठेवले की कोणते मोठे हे आंधळ्याने चाचपूनही सांगावे. आपल्या विडी कामगार भगिनी हे गणित रोज करतात. पंचवीस विड्यांचा कट्टा, चार कट्ट्यांचे शंभर, चाळीस कट्ट्यांचे हजार. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई रचलेले कट्टे पाहून हजाराला किती उणे ते सांगते, कारण तिची संख्या बांधलेली असते, तिला आकार असतो. मग त्याच बाईच्या मुलाला शाळेत आपण निराकार संख्येची उपासना का करावयास लावतो?

वजाबाकीला गठ्ठा सोडावा लागतो. "हातचा घेणे" हे शब्द आपण सगळे घोकलो, पण हात कोणाचा आणि घेतले काय, हे आपल्यापैकी कितीजणांना कळले होते? बत्तीसमधून सात द्यायचे आहेत. सुट्या दोनच आहेत. मग एक गठ्ठा सोडा. झाल्या बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे राहिले दोन. रबर सुटण्याचा आवाज ज्याने ऐकला, तो हातचा विसरत नाही.

सात आठे छप्पन्नचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. ते मी स्वतः केले. मला प्रायश्चित्त घ्यावयाचे होते. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घरे रंगवून काढतात आणि मग त्यावरून जेकार्डचे पुठ्ठे छिद्रे पाडून तयार होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. तो कागद मी एका नक्षीकाराकडून मागून आणला. त्यावर तिला आठ घरांच्या सात ओळी आखायला सांगितल्या. पहिल्या पाच ओळी तांबड्या रंगवल्या, खालच्या दोन हिरव्या. पाच आठे चाळीस तिला येत होते, दोन आठे सोळाही येत होते. चाळीस आणि सोळा. ती कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे छप्पन्न हे तांबडे चाळीस नि हिरवे सोळा होय!" मग कागद आडवा फिरवला. सातांच्या आठ ओळी झाल्या, आणि घरे तितकीच! सात आठे आणि आठ साते एकच का, हे मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पाढा मला चाळीस वर्षे पाठ होता.

तोंडी उदाहरणांचेही असेच आहे. "सीतेजवळ बारा फुले आहेत, ती गीतेच्या फुलांपेक्षा चार जास्त आहेत, तर गीतेजवळ किती?" यात जास्त हा शब्द ऐकला की मूल बेरीज करून सोळा सांगते. दोन पट्ट्या काढा: सीतेची लांब, गीतेची आखूड, फरकाच्या तुकड्यात चार लिहा. आता सोळा कोणी सांगणार नाही. सिंगापूरच्या शाळांनी १९८० नंतरच्या दशकात ही पट्ट्यांची रीत राष्ट्रीय शिक्षणक्रमात आणली, आणि आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम पक्का केला. त्यामागे जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाचा १९६६ सालचा विचार होता: ज्ञान आधी हातात येते, मग डोळ्यांत, मग चिन्हांत. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १९५२ साली रंगीत काठ्यांचे पुस्तक काढले. एक ते दहा सेंटिमीटरच्या दहा काठ्या, प्रत्येक लांबीचा रंग निराळा. आणि हे सारे परदेशीच आहे असे समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा मॉन्टेसरीबाईंचे महागडे साहित्य बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे आणि पाने यांवर मुलांना शिकवले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माझ्या शेजारणीच्या चिंचोक्यांची वंशावळ तेथपर्यंत जाते.

परंतु चित्र हे काही ताईत नव्हे की बांधले आणि गुण आला. मी चुका केल्या, त्या सांगतो. पहिली चूक ही की, मी बाजारातून रंगीबेरंगी तक्ते आणले. त्यांत पाचाच्या शेजारी पाच पोपट, प्रत्येक पोपट निराळ्या फांदीवर. मुलगी पोपट पाहत बसली. पाच कोठेच दिसले नाहीत. चित्र साधे हवे आणि त्याची मांडणी नेहमी तीच हवी. दुसरी चूक, एकाच आठवड्यात चौकट, काड्या, मणी सगळे पुढे केले. एक साहित्य नीट मुरले की मगच दुसरे. तिसरी चूक, चार दिवस जमले की चिंचोके काढून घेतले. वस्तूवरून चित्रावर आणि चित्रावरून आकड्यावर हळूहळू यावे लागते. प्रत्येक वेळी वस्तू, बोललेला शब्द आणि लिहिलेला आकडा ही तिन्ही एकत्र असावी लागतात, नाही तर खेळ एकीकडे आणि गणित दुसरीकडे, असे होते. काही मुलांना चित्रातली जागा, डावे-उजवे हेच उमगत नाही. त्यांना डोळ्यांइतकाच स्पर्श लागतो. आणि बोटे मोजायला मनाई करू नका. १९२४ साली व्हिएन्नाच्या गेर्स्टमान नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाईताचे वर्णन केले; तिला स्वतःची बोटेच ओळखता येत नव्हती. बोटांची ओळख जाणे आणि हिशेब बिघडणे या गोष्टी पुष्कळदा जोडीने आढळतात, असे त्यांनी पुढे दाखवले. बोटे ही माणसाची पहिली पाटी आहे. ती आपण काय म्हणून हिसकावून घ्यावी?

भीतीबद्दलही एक शब्द. घड्याळ लावून पाढे विचारणे, चुकले की वर्गाला हसू देणे, मारणे, यांनी मुलाचे जे थोडे लक्ष गणितासाठी शिल्लक असते, ते भीतीच खाऊन टाकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्यास बंदी केली. घरासाठी असा कायदा आपल्या मनालाच करावा लागतो.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे आणि तिच्या व्याख्येत ही गणन-अक्षमता नावानिशी आहे. महाराष्ट्राने १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी व्हावी आणि अधिकृत रुग्णालयाचा दाखला घ्यावा. सवलत ही भीक नव्हे. जादा कामाला जादा वेतन हे आपण हक्काने मागतो; ज्याला त्याच बेरजेसाठी दुप्पट मेहनत पडते, त्याला जादा वेळ हाही हक्कच आहे. पण दाखला म्हणजे शिकवणे नव्हे. दाखला कपाटात आणि मूल मागच्या बाकावर, असे होता कामा नये. निकाल खाली येऊ नये म्हणून अशा मुलाला शाळेतून काढून न्या, असा सल्ला आम्हांलाही मिळाला होता. कारखान्यात त्याला आम्ही कपात म्हणतो.

मग या शहराने काय करावे? माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान एका शिक्षकाला ही रीत शिकवून तयार करावे आणि त्याला त्यासाठी रोज एक तास मोकळा द्यावा. दुसरी-तिसरीतच अडखळणारी मुले ओळखावीत. सातवीपर्यंत वाट पाहू नये. आणि प्रत्येक वर्गात चौकटी, काड्या आणि चौकटीचा कागद हे फळ्या-खडूइतकेच हक्काचे साहित्य मानावे. आमच्यापुरते सांगतो. आमच्या संघटनेच्या कचेरीत दर रविवारी सकाळी आम्ही काही मुलांना घेऊन बसतो. ज्या फरशीवर मी वीस घरे आखली, त्याच फरशीवर. ज्यांना यायचे असेल, शिकवायला किंवा शिकायला, त्यांनी यावे.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ती गणितात पहिली आली, असे सांगता आले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण तसे झाले नाही. ती सवलतीवर दहावी झाली. आज ती शिवणकाम करते, मापे घेते, कापड बेतते, आणि कापड वाया जाऊ देत नाही. बेरजेला यंत्र वापरते. सातचा पाढा आजही मध्येच विचारला तर ती थांबते. पण आता ती घाबरून थांबत नाही. ती टेबलावर बोटाने पाच ओळी आणि दोन ओळी आखते आणि उत्तर देते. गिऱ्हाईकाला सुटे मोजून देते आणि मोजून घेते. तिला कोणी फसवू शकत नाही. कामगाराच्या मुलीला याहून अधिक गणित कशासाठी हवे असते, ते मला ठाऊक नाही.

घरी गेल्यावर आपल्या आळीतल्या एका तरी मुलाला चार चिंचोके दाखवून पाहा. ते पुन्हा पुन्हा एकपासून मोजू लागले, तर रागावू नका. त्याच्याशेजारी बसा. त्याला आकडा विचारण्यापूर्वी, एकदा दाखवा.